स्क्रीन टाइमचा आकडा नंतर पाहू, आधी फोन कधी आणि कसा धरता ते सांगा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पदवीचं दुसरं वर्ष, रोज सात-आठ तास फोन, झोप लागायला रात्रीचे दोन वाजतात, सकाळच्या तासाला डोकं जड असतं, मान आणि उजवा अंगठा दुखतो, संध्याकाळी डोळे चुरचुरतात. हे व्यसन आहे का, आणि वापर किती तासांवर आणला म्हणजे बरं वाटेल?

तासांपासून सुरुवात करू नका. सात तासांच्या त्या आकड्यात नोट्सची पीडीएफ असते, रेकॉर्ड केलेलं लेक्चर असतं, घरच्यांशी बोलणं असतं आणि मध्यरात्रीनंतरचे रीलही असतात. या सगळ्यांचा शरीरावर होणारा परिणाम सारखा नाही. दुपारी टेबलावर फोन टेकवून दोन तास लेक्चर पाहणं आणि रात्री कुशीवर पडून दोन तास स्क्रोल करणं, फोनच्या लेखी दोन्ही दोनच तास. शिवाय ‘आठाचे चार तास करायचे’ असा पण केला की विद्यार्थी आधी दिवसाचा, कामाचा वापर कापतात, कारण तो कापणं सोपं असतं. रात्रीचा तसाच राहतो, आणि मुख्य त्रास तिथेच असतो.

म्हणून पहिले तीन दिवस काहीही बदलू नका, फक्त नोंद करा. फोनच्या सेटिंगमध्ये वापराचा तपशील असतो, तिथून रोज चार गोष्टी कागदावर उतरवा: रात्री फोन शेवटचा कधी ठेवला, सकाळी उठल्यावर किती मिनिटांत हातात घेतला, दिवसात किती वेळा उघडला, आणि रात्री अकरानंतर कोणतं ॲप किती वेळ चाललं. अंदाजाने लिहू नका. स्वतःच्या वापराचा माणसाचा अंदाज आणि फोनमधली नोंद यांत बरीच तफावत पडते, हे वारंवार दिसून आलं आहे. याच तीन दिवसांत आणखी एक करा. दुखायला लागेल त्या क्षणी आपण कसे बसलो किंवा पडलो आहोत, ते एका ओळीत लिहा. पुढचे सगळे बदल याच कागदावरून ठरतील.

झोप आधी, बाकी सगळं नंतर

तुमच्या पाच तक्रारींपैकी निदान तीन झोपेशी बांधलेल्या आहेत. झोप अपुरी पडली की वेदना जास्त जाणवतात, लक्ष टिकत नाही, चिडचिड वाढते. मग अभ्यासात मन लागत नाही म्हणून पुन्हा फोन हातात येतो. १८ ते २५ या वयाला ७ ते ९ तास झोप लागते, अशी अमेरिकेतल्या नॅशनल स्लीप फाउंडेशनची २०१५ पासूनची शिफारस आहे. त्यात या वयाची एक अडचण अशी की शरीराचं घड्याळ आयुष्यात सर्वांत उशिराचं असतं ते विशीच्या आसपास. रात्री बारापर्यंत झोप न येणं हा आळस नाही, बऱ्याच अंशी ते शरीरशास्त्र आहे. फोन त्याच घड्याळाला आणखी पुढे ढकलतो.

फोनमुळे झोप तीन वाटांनी जाते, आणि तिन्हींचं वजन सारखं नाही. पहिली वाट म्हणजे सरळ वेळ जाणं: झोपायची वेळ झालेली असते, पण समोरचं संपतच नाही. दुसरी म्हणजे मन जागं राहणं: ग्रुपवरचा वाद, उद्याच्या सबमिशनचा मेसेज, गेमचा शेवटचा डाव. तिसरी वाट प्रकाशाची. सगळ्यांत जास्त चर्चा हिचीच होते, पण तिघींत ही सर्वांत लहान. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी उजेडाची वेळ ओळखण्याचं काम करतात. त्या सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक दाबतात, हे खरं आहे. बॉस्टनमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ जणांना सलग पाच रात्री झोपण्याआधी सुमारे चार तास उजळ पडद्यावर वाचायला लावलं. छापील पुस्तक वाचलेल्या रात्रींच्या तुलनेत त्यांना झोप लागायला सरासरी दहाएक मिनिटं जास्त लागली. दहा मिनिटं. तुमची झोप दोन तासांनी पुढे गेली आहे, तिचा हिशोब प्रकाशाने लागत नाही.

म्हणूनच पडदा पिवळसर करणारा ‘नाइट मोड’ लावून निश्चिंत होऊ नका. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १८ ते २४ वयाच्या १६७ तरुणांचे तीन गट केले होते: नाइट मोड लावून फोन, न लावता फोन, आणि झोपण्याआधी फोनच नाही. मोड लावल्याने झोपेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांचंही तेच. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यानुसार डोळ्यांचा ताण कमी करण्यात ते साध्या काचांपेक्षा सरस ठरत नाहीत. त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

मग करायचं काय? आधी उठण्याची वेळ ठरवा, झोपण्याची नव्हे. बहुतेकांचं इथेच बिनसतं. दोनला झोपणारा विद्यार्थी ठरवतो की आजपासून अकराला झोपायचं. अकराला फोन ठेवून आडवा होतो, झोप येत नाही, अंधारात तळमळतो आणि साडेअकराला फोन पुन्हा हातात. तीन रात्री असं झालं की ‘माझ्याच्याने होत नाही’ असा निष्कर्ष निघतो. शरीराचं घड्याळ एका रात्रीत तीन तास मागे येत नाही. उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, सुट्टीच्या दिवशीही एक तासाहून जास्त फरक नको. उठल्यावर २० ते ३० मिनिटं बाहेरच्या उजेडात काढा, ढगाळ दिवस असला तरी. आणि झोपण्याची वेळ दर तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा. दोनवरून बारापर्यंत यायला असे आठ टप्पे, म्हणजे चोवीस दिवस लागतात. हे सावकाश वाटेल, पण असं आलेलं वेळापत्रक टिकतं.

फोन हाताच्या टप्प्यातून बाहेर जायला हवा, आणि त्यात आड येतो तो गजर. फोनवर गजर लावला की फोन उशीपाशी राहतो, उशीपाशी राहिला की पाहिला जातो. म्हणून वेगळं गजराचं घड्याळ घ्या. या संपूर्ण उत्तरातली एकच खरेदी करायची असेल तर ही करा. चार्जर खोलीच्या दुसऱ्या टोकाला लावा, म्हणजे फोन घ्यायला पांघरुणातून उठावं लागेल. हॉस्टेलची खोली लहान असेल तर फोन कपाटात बंद करून ठेवला तरी चालेल, पण चार्जिंगला लावून नाही. उशीखाली किंवा गादीवर चार्ज होणारा फोन तापतो आणि बॅटरीचं नुकसान करतो, क्वचित आगही लागते. रात्री घरून तातडीचा फोन येईल ही धास्ती असेल, तर ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये घरच्यांचे दोन-तीन नंबर अपवाद म्हणून घाला आणि लागोपाठ दुसऱ्यांदा आलेला कॉल वाजू द्यायची सोय चालू ठेवा. ही सोय केली की ‘फोन जवळच हवा’ याचं खरं कारण बहुतेकदा उरत नाही.

झोपण्याआधीची ४५ मिनिटं रिकामी ठेवू नका, नाहीतर ती फोनच भरेल. नुसता ऐकायचा कार्यक्रम लावायचा तर २०-३० मिनिटांचा टायमर लावून, पडदा खाली करून ऐका. अंथरुणावर साधारण २० मिनिटांत झोप लागली नाही तर उठा, मंद उजेडात खुर्चीत बसा आणि झापड आली की परत जा. ही २० मिनिटं अंदाजाने धरा. रात्री जाग आल्यावर वेळ बघायला फोन उचलणं ही सवय विशेष वाईट, कारण वेळेच्या शेजारीच नोटिफिकेशन दिसतं. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं व्हायला सुमारे पाच तास लागतात, तेव्हा शेवटचा कप झोपेच्या आठ तास आधी.

मान

डोकं साडेचार ते साडेपाच किलोचं असतं. मान पुढे झुकली की मणक्यांवर आणि मागच्या स्नायूंवर येणारा भार वाढतो. २०१४ साली न्यू यॉर्कमधल्या एका मणक्याच्या सर्जनने मांडलेल्या गणितात १५ अंश झुकल्यावर सुमारे १२ किलो, ३० अंशांवर १८, ४५ वर २२ आणि ६० अंशांवर २७ किलो असे आकडे येतात. हे सगळीकडे फिरतात. ते संगणकी प्रतिमानावरून काढलेले आहेत, जिवंत माणसांच्या मानेवर मोजलेले नाहीत, एवढं लक्षात ठेवून वापरले तर कामाचे आहेत. ‘फोनमुळे कवटीला शिंग फुटतं’ ही २०१९ मध्ये गाजलेली बातमी मात्र सोडून द्या. ज्या ऑस्ट्रेलियन क्ष-किरण अभ्यासावर ती बेतली होती, त्यात त्या लोकांचा फोनचा वापर मोजलेलाच नव्हता.

प्रत्यक्षात मान दुखते ती कोनापेक्षा जास्त न हलण्यामुळे. चाळीस मिनिटं एकाच स्थितीत राहिलेला स्नायू दुखणारच, स्थिती कितीही ‘योग्य’ असो. ‘फोन डोळ्यांसमोर धरा’ हा सल्ला सगळे देतात आणि दोन दिवसांत सगळे सोडतात, कारण अधांतरी हाताने फोन वर धरला की दोन-तीन मिनिटांत खांदे भरून येतात. हात वर न्यायचा तर कोपराला आधार द्यावा लागतो. बसलेले असाल तर मांडीवर उशी किंवा भरलेली पाठपिशवी घ्या, कोपरं तिच्यावर टेकवा, फोन आपोआप छातीच्या वरच्या भागापर्यंत येतो. मग डोकं न झुकवता नजर थोडी खाली करा, तेवढं पुरतं. टेबलावर असाल तर चार-पाच जाड पुस्तकांना टेकवून फोन उभा करा आणि लेक्चर पाहताना हात मोकळे ठेवा. पालथं पडून कोपरांवर भार देत फोन पाहणं ही सर्वांत वाईट स्थिती, कारण मान मागे ताणलेली राहते आणि कोपरातली नसही दबते. तुमच्या कागदावर ती स्थिती आली असेल तर बाकी काही करण्याआधी ती बंद करा.

तीन व्यायाम पुरे आहेत. पहिला हनुवटी मागे नेण्याचा. भिंतीला पाठ लावून बसा, दोन बोटं हनुवटीवर ठेवा आणि डोकं सरळ रेषेत मागे सरकवा, गळ्याखाली वळी पडेपर्यंत. पाच सेकंद थांबा, सोडा, असं दहा वेळा. बहुतेकजण यात हनुवटी खाली दाबतात, तसं केलं तर उपयोग नाही. नजर पूर्ण वेळ समोरच्या एकाच बिंदूवर राहिली पाहिजे, ती घसरली की समजा मान वाकली. दुसरा: दोन्ही खांद्यांची पाती मागे आणि किंचित खाली ओढून पाच सेकंद, दहा वेळा, खांदे कानांकडे उचलू न देता. तिसरा: दाराच्या चौकटीला हात टेकवून एक पाऊल पुढे टाका आणि छाती ३० सेकंद ताणा, दोनदा. तिन्ही मिळून पाच मिनिटं लागतात. दिवसातून दोनदा करा. फरक जाणवायला चार ते सहा आठवडे द्या, आठवड्यात आराम नाही म्हणून सोडू नका. आणि दर वीस-तीस मिनिटांनी, दुखायच्या आधी, जागेवरून उठा.

अंगठा आणि हाताच्या मुंग्या

मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला एका अरुंद बोगद्यातून दोन स्नायुबंध जातात. तेच अंगठा बाहेर आणि वर उचलतात. मोठा फोन एका हातात धरून त्याच हाताच्या अंगठ्याने समोरचा वरचा कोपरा गाठायचा, हे दिवसात शेकडो वेळा केलं की तिथलं आवरण सुजतं. या दुखण्याला डी क्वेर्व्हेन म्हणतात. १८९५ साली त्याचं वर्णन करणाऱ्या स्विस सर्जनचं ते नाव. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर अंगठा मुठीत घ्या आणि मनगट करंगळीच्या दिशेने हलकेच वाकवा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर तीव्र कळ आली तर संशय बळावतो. निरोगी हातालाही तिथे थोडा ताण जाणवतो, म्हणून दुसऱ्या हाताशी तुलना करा आणि जोर लावू नका.

दुखत असेल तर दोन ते तीन आठवडे त्या अंगठ्याने टायपिंग बंद. फोन एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या तर्जनीने टाइप करा. लांबलचक मेसेज बोलून लिहा किंवा संगणकावरून पाठवा. कीबोर्ड एका बाजूला सरकवण्याची सोय असेल तर वापरा, पण ती दुखण्यावरचा उपाय नाही, पुन्हा होऊ नये यासाठी आहे. आधाराचा पट्टा घ्यायचा तर अंगठ्यासह मनगट धरणाराच घ्या. केवळ मनगटाचा पट्टा अंगठा मोकळा सोडतो, आणि दुखतो तोच हलत राहतो. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. दुखत असताना जोरात चोळणं आणि ताण देणारे व्यायाम टाळा, त्यांनी सूज वाढते. तीन आठवड्यांत उतार नसेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, इंजेक्शनने बऱ्याच जणांना आराम पडतो.

मुंग्या येत असतील तर कोणत्या बोटांना येतात ते नीट पाहा. करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट असेल तर नस कोपरात दबते आहे. कोपर नव्वद अंशांपेक्षा जास्त दुमडून फोन कानाला किंवा तोंडासमोर बराच वेळ धरल्याने असं होतं. तिथे उपाय मनगटावर करून काही मिळत नाही. कोपर फार दुमडू नका, बोलायला इयरफोन किंवा स्पीकर वापरा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट असेल तर नस मनगटात दबते आहे, आणि मनगट वाकवून फोन धरणं हे त्याचं एक कारण असू शकतं. फोनचा भार करंगळीवर पेलल्याने तिथे पडणारा खळगा हा आजार नाही, पण त्या बोटाला विश्रांती द्या.

डोळे

माणूस एरवी मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे पाहताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं, आणि मिटतानाही पापणी पुरती मिटत नाही. अश्रूंचा थर फुटतो, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं, कधी उलट पाणी येतं. दर २० मिनिटांनी २० फुटांवर, म्हणजे सहा मीटरवर, २० सेकंद पाहायचा नियम तुम्हाला ठाऊक असेल. तो पाळा, पण त्याला जोड द्या: त्याच वेळी दहा वेळा डोळे पूर्ण मिटून दोन सेकंद मिटलेलेच ठेवा. वाळलेल्या डोळ्याला नुसतं दूर पाहण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

दुसरी गोष्ट अंतराची. फोन ४० सेंटिमीटरवर असताना डोळ्याला अडीच डायऑप्टरचं (डायऑप्टर म्हणजे भिंगाची ताकद मोजायचं एकक) फोकस करावं लागतं, २० सेंटिमीटरवर आला की पाच, म्हणजे नेमकं दुप्पट. फोन जवळ का येतो? अक्षर लहान असतं म्हणून. तेव्हा ‘लांब धरा’ असं स्वतःला बजावण्यापेक्षा सेटिंगमध्ये अक्षराचा आकार दोन पायऱ्या वाढवा, हात आपोआप लांब जाईल. दोन कॉलमची पीडीएफ फोनवर वाचू नका. ती संगणकावर उघडा किंवा छापून घ्या. पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट तोंडावर नको. कृत्रिम अश्रूंचे थेंब वापरता येतात. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. लाली घालवणारे थेंब मात्र सर्रास घालू नका, ते बंद केल्यावर लाली आणखी उसळते.

एक प्रकार विद्यार्थ्यांना फार घाबरवतो. रात्री अंधारात कुशीवर पडून फोन पाहिला आणि उठल्यावर एका डोळ्याने काही मिनिटं दिसेनासं झालं. २०१६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अशा दोन रुग्णांची नोंद आली. एक डोळा उशीत दबलेला असतो, तो अंधाराला सरावतो. दुसरा पडद्याच्या उजेडाला सरावतो. अंधारात उठल्यावर उजेडाला सरावलेल्या डोळ्याला काही वेळ दिसत नाही, आणि तो आंधळा झाल्यासारखं वाटतं. दोन्ही डोळ्यांनी आणि थोड्या उजेडात पाहिलं तर हे होत नाही. पण दिसेनासं होणं याच परिस्थितीत घडलं आणि काही मिनिटांत गेलं, अशी खात्री असेल तरच ते निरुपद्रवी समजा.

कानांबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याचे चारच तास उरतात. आवाजाची पट्टी साठ टक्क्यांखाली ठेवा आणि इयरफोन लावून रात्रभर झोपू नका.

लक्ष, मन आणि ‘व्यसन’ हा शब्द

नोटिफिकेशन उघडलं नाही, नुसतं वाजलं, तरी हातातल्या कामातल्या चुका वाढतात, हे २०१५ च्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांवरच दिसलं आहे. म्हणून सगळीच बंद करावीत का? तसं करू नका. एका प्रयोगात नोटिफिकेशन दिवसातून तीनदा एकगठ्ठा मिळालेल्यांना बरं वाटलं, पण पूर्ण बंद केलेल्यांची बेचैनी उलट वाढली, काहीतरी सुटतं आहे या भावनेने. तेव्हा तीन गट करा. माणसांचे कॉल आणि घरचे मेसेज लगेच. वर्गाचे ग्रुप आणि मेल दुपारी, संध्याकाळी आणि रात्री जेवणानंतर. खरेदी, व्हिडिओ, गेम यांचं कधीच नाही. अभ्यासाच्या ३०-४० मिनिटांत फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. फोन टेबलावर नुसता असल्याने बुद्धी मंदावते का, यावर संशोधकांत मतभेद आहेत. पण जो फोन आणायला उठून जावं लागतं तो कमी वेळा उचलला जातो, आणि आपल्याला तेवढंच हवं आहे.

मनाच्या बाजूने एक आकडा विचारात घेण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १४३ विद्यार्थी होते. त्यांतल्या एका गटाने फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी दिवसाला दहा मिनिटांवर आणलं. तीन आठवड्यांनी त्यांचा एकटेपणा आणि उदासी कमी झाली होती. शून्यावर आणायची गरज पडली नाही. मात्र उलटी वाटही खरी आहे: ज्याचं मन आधीच खचलेलं आहे तो फोनमध्ये जास्त शिरतो. अशा वेळी नुसता फोन काढून घेतला तर त्याच्या हातचा आधार जातो आणि मूळ दुखणं तसंच राहतं. खिशात फोन नसतानाही थरथर जाणवते म्हणून काळजी करू नका. २०१२ च्या एका अमेरिकी अभ्यासात २९० पदवी विद्यार्थ्यांपैकी ८९ टक्क्यांना तसा अनुभव होता.

आता व्यसन. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तिच्यात गेमिंगचा विकार आहे, ‘मोबाइलचं व्यसन’ असं निदान नाही. चाळणी म्हणून एक प्रश्नावली वापरली जाते. कोरियात २०१३ साली तयार झालेली, दहा विधानांची, प्रत्येकाला १ ते ६ गुण. मुलग्यांसाठी ३१ आणि मुलींसाठी ३३ च्या वर गुण गेले की जोखीम धरतात. ती मुळात शाळकरी किशोरांवर बेतलेली होती, त्यामुळे तुमचे गुण ३४ आले म्हणून स्वतःवर शिक्का मारू नका. त्यापेक्षा तीन प्रश्न महत्त्वाचे. ठरवलेल्या वेळी थांबता येत नाही का? त्यापायी परीक्षा, नाती, जेवण, अंघोळ मागे पडते आहे का? नुकसान दिसत असूनही चालूच आहे का? तिन्हींची उत्तरं कित्येक महिने ‘हो’ असतील तर समुपदेशकाकडे जा. गेमवर किंवा पैजेच्या ॲपवर पैसे हरत असाल, उसने घेत असाल, तर महिने मोजत बसू नका, याच आठवड्यात जा.

रेडिएशनची भीती बरेचजण बाळगतात, म्हणून तेही सांगतो. फोनच्या लहरींना २०११ साली ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं होतं, पण जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या २०२४ च्या आढाव्यात फोन आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. फोनला चिकटवायचे स्टिकर घेऊ नका. फोनमुळे जीव जातो तो रस्त्यावर. ताशी ६० किलोमीटर वेगात पाच सेकंद मेसेज वाचला तर गाडी ८३ मीटर न पाहता गेलेली असते. आणि शौचालयात फोन नेऊ नका. तिथे पाच मिनिटांपेक्षा जास्त बसून राहिलं की गुदद्वाराच्या शिरांवर ताण येतो आणि मूळव्याधीला वाट मिळते.

क्रम, आणि डॉक्टरांकडे कधी जायचं

सगळं एकदम सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त गजराचं घड्याळ, चार्जरची जागा आणि ठरलेली उठण्याची वेळ. दुसऱ्यात अक्षराचा आकार, कोपराखालची उशी आणि मानेचे व्यायाम. तिसऱ्यात नोटिफिकेशनचे गट. अंगठा दुखतोय, म्हणून त्याची विश्रांती मात्र आजपासून. परीक्षेच्या आठवड्यात घडी विस्कटेल. तेव्हा बाकी सगळं सोडलं तरी उठण्याची वेळ सोडू नका, तिच्याभोवती उरलेलं पुन्हा बसवता येतं.

हातातून वस्तू निसटत असतील, पकड सैल झाली असेल, मानेतून हातात कळ जात असेल किंवा दुखण्याने रात्री जाग येत असेल, तर व्यायाम थांबवून तपासून घ्या. एकाच्या दोन वस्तू दिसणं, डोळ्यांसमोर अचानक वीज चमकल्यासारखं होणं किंवा पडदा आल्यासारखं वाटणं, याला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. आठवड्यातून तीन रात्री झोप येत नाही आणि असं तीन महिने चाललं आहे, तर ती निद्रानाशाची तक्रार आहे, तिच्यावर गोळ्यांखेरीज चांगले वर्तनोपचार आहेत. आणि जगणं नकोसं वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर फोनच्या सवयींचा विचार बाजूला ठेवा आणि आत्ता, याच तासाला, जवळच्या माणसाला सांगून तातडीची मदत घ्या.

डॉक्टरांकडे जाताना तीन दिवसांच्या नोंदीचा तो कागद सोबत न्या, आणि फोन कसा धरता ते तोंडी सांगण्याऐवजी धरून दाखवा. शक्य असेल तर नेहमीच्या जागी, नेहमीच्या स्थितीत मित्राकडून बाजूने एक फोटो काढून घ्या. मनगट किती वाकतं आणि मान कुठे झुकते, हे त्या फोटोत लगेच कळतं.